पंप घेण्याआधी आईचा दिवस पाहा

उपवासकाळ सुरू झाला होता आणि विहिरींचे पाणी खाली जाऊ लागले होते. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या आवारात उभे असताना खानवेलच्या बाजूची एक आजी जवळ आली व म्हणाली, "नर्सबाई, आमच्याकडं पंप घ्यायचाय. कोणता घेऊ?" मी सहज म्हटले, "आजी, ते मला काय विचारता? मोटारीच्या दुकानात विचारा." तशी ती पदर तोंडाला लावून हसली. "विहिरीचा नाही हो बाई. सुनेचा. दूध काढायचा."

सून मसाटच्या बाजूला एका कारखान्यात कामाला आहे. पहिलेच बाळंतपण. रजा संपत आली होती. शहरातील दुकानदाराने विजेवर चालणारा पंप दाखवला, त्याची किंमत ऐकून आजी एक बकरी विकण्याच्या विचारात होती. दुसऱ्या एका दुकानात सायकलच्या भोंग्यासारखा रबरी फुगा असलेला पंप अगदी स्वस्तात मिळत होता. बकरी विकावी की भोंगा घ्यावा, एवढाच तिचा प्रश्न होता.

चर्चच्या पत्रकात हा कसला विषय, असे कोणाला वाटेल. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१४ मध्ये रोमच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये बालकांचा बाप्तिस्मा केला, तेव्हा बाळे भुकेने रडत असतील तर आयांनी तेथेच, संकोच न करता, त्यांना पाजावे असे सांगितले होते. आणि स्तनपानासाठी जगभर काम करणारी 'ला लेचे लीग' ही संस्था १९५६ साली अमेरिकेत सात कॅथलिक आयांनीच सुरू केली. तिचे नावसुद्धा फ्लोरिडातील पवित्र मारियेच्या एका जुन्या मंदिरावरून घेतलेले आहे. सुखरूप बाळंतपण व भरपूर दूध यांसाठी तेथे मारियेची प्रार्थना केली जाते. तेव्हा आपण या विषयावर आवारात कुजबुजत बोलण्याचे कारण नाही.

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्यापैकी कोणीही विहिरीसाठी पंप आणायला निघाला, तर सर्वांत चांगला पंप कोणता असे विचारीत नाही. पाणी किती खोल आहे, वावर किती लांब आहे, वीज किती तास असते, हे आधी पाहतो. गुडघाभर पाण्याच्या झऱ्यावर पाच हॉर्सपॉवरची मोटार कोणी बसवीत नाही. लेकराच्या दुधाच्या बाबतीत मात्र आपण उलटे करतो. आई कोठे जाते, किती तास जाते, तिला मोकळा वेळ किती मिळतो, घरी लेकराला कोण सांभाळते, हे काहीही न विचारता आधी खोका विकत आणतो. काही जण तर बाळंतपणाच्या आधीच आणून ठेवतात. माझे स्पष्ट मत असे की बाळ जन्मून, अंगावर नीट लागून, दोनतीन आठवडे होईपर्यंत पंप विकत घेऊच नये. अपवाद फक्त आजारी व अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा. त्याबद्दल पुढे सांगते.

पंप काय करतो आणि काय करू शकत नाही, हे गुरे राखणाऱ्याला समजावून सांगणे सोपे जाते. गाय पान्हा सोडत नाही तोवर कितीही ओढा, चार थेंबांपलीकडे दूध येत नाही. वासरू आधी लावले, कास कोमट पाण्याने धुतली, ओळखीचा हात लागला, की ती पान्हा सोडते. अनोळखी माणूस आला, कुत्रे भुंकले, की पान्हा चोरते. माणसाच्या आईचेही तेच आहे. दूध आत असते, पण पान्हा फुटल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि पान्हा फुटण्यासाठी आईला स्वस्थता, थोडी ऊब आणि लेकराची आठवण लागते. लेकराचे अंगडे जवळ घेतले तरी कित्येक आयांना पान्हा फुटतो. घाईत, भीतीने किंवा कोणाच्या टोमण्याखाली बसून पंप लावला, तर हजारो रुपयांचा पंपही कोरडा चालतो. मग सासू म्हणते, हिला दूधच नाही, आणि पावडरचा डबा घरात येतो.

म्हणून पंपात किती दूध आले यावरून आईला दूध किती आहे हे कधीही ठरवू नये. लेकरू जितके ओढून घेते तितके यंत्राला बहुधा जमत नाही. बाळ पाचसहा दिवसांचे झाल्यावर दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा शू करते का आणि त्याचे वजन वाढते का, हे पाहावे. ते ठीक असेल तर दूध पुरते आहे. वजन वाढत नसेल तर आधी बाळ तोंडात फक्त बोंडी धरते की भोवतालचा काळा भागही, ते आशाताईंना किंवा नर्सला दाखवावे. पुष्कळदा दोष धरण्याच्या पद्धतीत असतो, आणि तो पंपाने दुरुस्त होत नाही.

आणि सर्वांत आधीचा पंप म्हणजे आपला हात. हे मी काटकसर म्हणून सांगत नाही. पहिल्या दोनतीन दिवसांचे चिकाचे दूध थोडे व घट्ट असते. ते पंपाच्या नळीला आणि भांड्यालाच चिकटून राहते. हाताने मात्र ते थेंब थेंब सरळ चमच्यात घेता येते. पद्धत अशी: हात साबणाने धुवावेत, छाती कोमट फडक्याने शेकून हलकेच चोळावी. अंगठा वर, बोटे खाली, बोंडीच्या मागे सुमारे तीनचार सेंटिमीटरवर ठेवावीत. आधी छातीच्या पिंजऱ्याकडे मागे दाबावे, मग अंगठा व बोटे एकमेकांकडे दाबावीत, आणि सोडावे. पुन्हा तसेच. थोड्या वेळाने बोटांची जागा बदलून सर्व बाजूंनी काढावे. येथे एक चूक शेतकरी घरातील बाया हमखास करतात. गाईची धार काढायची सवय असल्याने बोटे कातडीवरून सरकवीत बोंडी ओढतात. तसे करायचे नाही. त्याने कातडी सोलवटते आणि दूध येत नाही. दुखले तर पद्धत चुकली असे समजावे. चारपाच दिवस जमत नाही, मग एकदम जमते.

ज्या आईचे लेकरू दिवसभर तिच्याजवळ आहे, जी घर, गोठा आणि जवळचे वावर यांतच असते, तिला पंपाची गरज नाही असेच मी म्हणेन. दूध साठून छाती दगडासारखी झाली तर हाताने थोडे काढून ती मऊ करावी आणि बाळाला लावावे. ताप येऊन एक बाजू लाल व गरम झाली तर डॉक्टरांकडे जावे. पाजणे मात्र बंद करू नये. बोंडी आत गेलेली असली तरी पंप घेण्याची घाई नको. आपल्या देशातील प्रसूतिगृहांत त्यासाठी एक साधी युक्ती फार वर्षे वापरात आहे. दहा किंवा वीस मिलिलिटरची नवी सिरिंज घेऊन तिचे सुईकडचे टोक कापतात, दांडा त्या कापलेल्या बाजूने घालतात आणि गुळगुळीत बाजू छातीला लावून हळूच ओढतात. पाजण्याआधी अर्धा-एक मिनिट एवढे पुरते. पहिल्या वेळी मात्र नर्सकडूनच करून घ्यावे.

मग पंप कोणाला हवा? मला दोन प्रकारच्या आया दिसतात.

पहिली, जिचे बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी असून काचेच्या पेटीत ठेवले आहे. तिला चोवीस तासांत आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा, दूध काढावे लागते, आणि तेही प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच सुरू करावे लागते. तिने स्वतःच्या मनाने बाजारातून काही आणू नये. आपल्या सिल्वासाच्या श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलात असो किंवा वापी-वलसाडकडे, बाळ जेथे दाखल आहे तेथील नर्सला विचारावे. सुरुवात हाताने करावी आणि पंप लागलाच तर दोन्ही बाजूंनी एकदम काढणारा विजेचा पंप तिच्या कामाचा.

दुसरी आई म्हणजे आजीची सून. मसाट, रखोली, आमली, नरोली येथील कारखान्यांत आपल्या धर्मग्रामातल्या कितीतरी मुली जातात. आठ तासांची पाळी, जाण्यायेण्याचा वेळ धरून नऊ-दहा तास. एवढा वेळ दूध काढले नाही तर छाती दाटते, कपडे भिजतात, आणि काही दिवसांनी दूधच कमी होते. जेवढे काढाल तेवढे नवे बनते, हा येथला नियम आहे. तिला तीनेक तासांनी एकदा दूध काढायला हवे. हात जमला असेल तर हातच पुरे. नसेल तर हाताच्या दांड्याने चालणारा चांगला पंप घ्यावा. तो पाचशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत मिळतो, वीज लागत नाही, पावसात लाइट गेली तरी अडत नाही आणि उकळून साफ करता येतो. मात्र दोन्ही बाजूंचे दूध काढायला अर्धा तास जातो. सुट्टीच पंधरा मिनिटांची असेल तर हा हिशेब बसत नाही. तेव्हा दोन कप असलेला, चार्ज करून चालणारा विजेचा पंप घेतला तर पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. बाप्तिस्म्याच्या जेवणावळीत आपण याहून जास्त उडवतो.

भोंग्याच्या पंपाबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. तो फुकट मिळाला तरी घेऊ नये. ओढ किती बसते यावर ताबा राहत नाही आणि दूध रबरी फुग्यात जाऊन बसते, जो आतून धुताच येत नाही. मी दवाखान्यात असताना एका तरुण आईची बोंडी या भोंग्याने इतकी चिरली होती की आठ दिवस तिला बाळ जवळ घेववेना. तेवढ्यात घरच्यांनी पावडर सुरू केली, ती विहिरीच्या न उकळलेल्या पाण्यात. बाळाला हगवण लागली आणि सलाइन लावावे लागले. ते वाचले, पण अंगावरचे दूध तुटले ते तुटलेच.

पंप घेताना दुकानदार ओढीच्या जोराची फुशारकी मारतो. जोर जास्त म्हणजे दूध जास्त, असे मुळीच नाही. जोर कमीजास्त करता येतो का ते पाहावे आणि दुखणार नाही एवढाच ठेवावा. त्याहून महत्त्वाचा आहे कप. कपाच्या नळीत बोंडी मोकळी पुढेमागे सरकली पाहिजे, कडेला घासता कामा नये आणि भोवतालचा भाग फारसा आत ओढला जाता कामा नये. पुष्कळ पंपांबरोबर एकाच मापाचा, बहुधा २४ मिलिमीटरचा कप येतो. दुसऱ्या मापाचे कप वेगळे मिळतात का ते घेण्याआधी विचारावे. सर्व सुटे भाग हातात घेऊन पाहावेत. जेथे बोट किंवा ब्रश पोचत नाही तेथे दूध नासणार. विजेच्या पंपात दूध मोटारीकडे उलट जाऊ नये म्हणून मध्ये पडदा असतो. तो नसेल तर आत बुरशी धरते आणि बाहेरून कळतही नाही. म्हणून नणंदेचा किंवा शेजारणीचा जुना पंप मागून आणण्याची आपली भलीभोळी रीत येथे चालत नाही.

खोका उघडला की त्यात दूध पाजायची बाटली निघते. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने पावडरच्या दुधाची व पाजायच्या बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे, पण पंपाच्या खोक्यातून बाटली मागील दाराने घरात येते. ती बाजूला ठेवावी. काढलेले दूध वाटी-चमच्यानेच पाजावे. बाटलीचे बूच साफ राहत नाही, आणि काही बाळे बाटलीला सोकावून अंगावर ओढायचा कंटाळा करतात. जुन्या घरांत बोंडले असते, पण त्याची तोटी आतून घासता येत नाही, म्हणून मी उघडी वाटीच बरी मानते.

पंपाचे भाग दरवेळी वेगळ्या भांड्यात साबण व गरम पाण्याने धुवावेत. भांडी घासायच्या मोरीत नव्हे. दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळावेत आणि स्वच्छ फडक्यावर आपोआप वाळू द्यावेत. काढलेले दूध झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात, पंचवीस अंशांपर्यंतच्या गारव्यात चार तास राहते. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याहून कमी धरावे, माठाशेजारी ठेवले तरी तास वाढवून मोजू नयेत. फ्रिजच्या आतल्या बाजूला, दारात नव्हे, चार दिवस. कारखान्यातून आणायचे तर बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात ते चोवीस तास टिकते. साय वर आली म्हणजे दूध नासले असे नाही, हलवून घ्यावे. पाजताना भांडे कोमट पाण्यात ठेवावे, चुलीवर उकळू नये. आणि कामावर ठेवायची सोय अजिबात नसली तरी दूध काढून टाकावे. टाकताना जीव तुटतो हे मला ठाऊक आहे, पण उद्याचे दूध त्यामुळेच टिकते.

घरातील मोठ्यांची एक अडचण असते. काढलेले दूध शिळे, ते लेकराला बाधते, असे त्यांना मनापासून वाटते. त्यांना मी मुंबईच्या सायन हॉस्पिटलची गोष्ट सांगते. तेथे १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आयांच्या दुधाची बँक निघाली, आशियातील पहिली. अगदी लहानशी, अपुऱ्या दिवसांची, आईचे दूध न मिळणारी बाळे दुसऱ्या आयांच्या काढलेल्या, ठरावीक उष्णतेवर शुद्ध केलेल्या आणि गोठवून ठेवलेल्या दुधावर तेथे वाढवली गेली. परक्या आईचे दूध जर बाळाला तारते, तर आपल्याच आईचे सकाळी काढलेले दूध दुपारी कसे बाधेल?

आता थोडे कडू बोलते. पंप घरात आला की काही घरांत दुसराच विचार सुरू होतो. दूध काढून ठेव आणि चल आवणीला. जुलैत राबातली रोपे काढायची घाई असते, मजूर मिळत नाहीत, हे मला कळते. पण महिना-दीड महिन्याच्या ओल्या बाळंतिणीला दिवसभर चिखलात वाकून उभी करण्यासाठी हे यंत्र नाही. शेत आपले आहे, मालक आपणच आहोत. बांधावरच्या झाडाला झोळी बांधून दर दोनतीन तासांनी सुनेला पाजायला बसवणे आपल्या हातात आहे. कारखान्यातील मुलीला ती मोकळीक नसते, म्हणून तिला पंप लागतो. मोकळीक असूनही ती न देणाऱ्या घरात पंप आणला, तर तो आईच्या सोयीचा राहत नाही.

आणि कारखान्यातही काही मोकळीक कायद्याने दिलेली आहे, ती आपण मागत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की पुरे. ईएसआय लागू असेल तर रजेचे पैसे तिकडून मिळतात, त्यांचे नियम थोडे वेगळे आहेत. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज रोज दोन वेळा पाजण्यासाठी वेगळा वेळ आहे. ५० किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर असले पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ दिले पाहिजे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी ठेवल्या आहेत. आपल्या मुली ठेकेदाराकडे असतात, दोनतीन महिन्यांत कामावर परततात, कारण नाव कमी होईल ही भीती असते. ही भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण चार जणींनी मिळून मागितले तर निदान दार लावता येईल अशी एक खोली आणि वीस मिनिटे मिळू शकतात. संडासात बसून लेकराचे अन्न काढायला कोणी सांगू नये.

आजीशी मी हेच बोलले. सुनेला किती दिवस रजा मिळाली, असे विचारले तर ती म्हणाली, तीन महिने. बाळंतपण पहिले, काम दोन वर्षांचे. म्हणजे तिचे आणखी तीन महिने बाकी होते, आणि ते कोणी तिला सांगितलेच नव्हते. बकरी विकायची नाही असे ठरले. सुनेने हाताची पद्धत शिकायला पुढच्या रविवारी यायचे, पंपाचे मग पाहायचे, आणि त्याआधी रजेचा अर्ज द्यायचा. असा अर्ज मराठीत किंवा गुजरातीत लिहून हवा असेल त्या मुलींनी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या ओट्यावर भेटावे. येताना कामाचे कार्ड आणि बाळाच्या जन्माचा दाखला आणावा, आणि शक्य असेल तर सासूबाईंनाही.